परमुलखातले दोन सभासद

तार आली तेव्हा मासूमा मागच्या अंगणात शफीचे सदरे वाळत घालत होती आणि तोंडानं काहीबाही गुणगुणत होती. तीन वर्षांनी नवरा आफ्रिकेहून घरी आला होता, तोही आगाऊ न कळवता, आणि तेव्हापासून तिच्या अब्बांच्या, म्हणजे बद्रुद्दीनच्या, त्या गंभीर घरात नुसता धुमाकूळ होता. सिंह रेल्वेच्या रुळांवर कसा आडवा पडतो, लवंगांचा वास किनारा दिसायच्या आधी कसा येतो, गोरा साहेब रानडुकराला भिऊन झाडावर कसा चढला, हे शफी हातवारे करून सांगे आणि ऐकणारे पोट धरून हसत. मासूमाचं त्या दिवसांत जमिनीवर पाऊल ठरत नव्हतं. सात वर्षांच्या संसारात मूलबाळ नाही आणि शेवटची तीन वर्षं वाट पाहण्यात गेलेली. तेव्हा दाराशी चालून आलेलं हे सुख तिनं जास्त विचारपूस न करता पदरात घेतलं होतं.

समोरच्या व्हरांड्यात खुर्ची पडल्याचा आवाज झाला. ती ओल्या हातांनी धावत गेली. अब्बा पायरीवर बसले होते. चाळीस वर्षं धरणं आणि कालवे बांधणाऱ्या खात्यात काढलेला, नोकरीतून निवृत्त झाल्यावर गावाबाहेर गंगापूर रोडला स्वतःच्या आराखड्याचं दगडी घर उठवणारा हा माणूस पायरीवर कधी बसत नसे. पायरी चढायची असते, असं तो पोरांना सांगे. आता तो तिथं बसला होता आणि अम्मा, म्हणजे जैतुनबी, त्याचा खांदा धरून उभी होती.

तार मोंबाशाच्या एका कच्छी व्यापाऱ्यानं केली होती. पूल पडला, नऊ मजूर ठार, निसारनं दोष कबूल केला, अटकेत आहे, मदत पाठवा. एवढंच. अब्बांनी ती इंग्रजीत वाचली, मग आपल्या भाषेत सांगितली, आणि मग आपलंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा वाचली.

निसार म्हणजे या घरातला एकुलता एक मुलगा, पुण्याला शिकून इंजिनिअर झालेला, मासूमाचा पाठचा भाऊ. त्याची बायको हुस्नबानो मुन्नीला कडेवर घेऊन दारात उभी होती. मुन्नीनं बापाला अजून पाहिलेलं नव्हतं. हुस्नबानोनं पोरीला अलगद खाली ठेवलं, भिंतीला टेकली, आणि तिथंच घसरत बसली. अम्मानं मात्र हंबरडा फोडला, आणि मग घरात कोण काय बोलतंय ते कळेनासं झालं. कुठला पूल, कसा पडला, नऊ माणसं कुठली, आपल्या बाजूची तर नाहीत ना, निसारला मारलं तर नसेल ना. जो तो विचारत होता.

त्या गोंधळात मासूमाला एक गोष्ट जाणवली. शफी व्हरांड्याच्या खांबाला धरून उभा होता आणि त्यानं एकही प्रश्न विचारला नव्हता. हाच माणूस दोन महिन्यांपूर्वीपर्यंत निसारबरोबर त्याच ऊसकंपनीत कामाला होता. शेजारी निसार राहत होता. साधी भाजी आणली तरी कुठून आणली, कितीला दिली हे विचारणारा माणूस आज मूग गिळून उभा होता. अब्बांनी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की मी निघालो तोवर सगळं ठीक होतं, पूल नंतर पडला असणार.

अब्बांनी डोळे पुसले आणि उठले. उठल्यावर ते पुन्हा खात्यातले बद्रुद्दीन झाले. मंडळाला बोलवा, म्हणाले.

हे मंडळ अब्बांच्याच व्हरांड्यात जन्माला आलेलं होतं. धरणांच्या कामावर एकत्र राबलेल्या ओव्हरसियर, ड्राफ्ट्समन, इंजिनिअर लोकांनी ते काढलं होतं. कुणाची बढती अडली, कुणाचा ठेकेदाराशी खटका उडाला, की मंडळ मध्ये पडे. वर्षाकाठी एक जेवण आणि दोन भाषणं होत. गेल्या काही वर्षांत यातलीच छत्तीस तरुण पोरं बसऱ्याला, रंगूनला, मोंबाशाला गेली होती. मंडळ त्यांना अभिमानानं 'आमचे परमुलखातले सभासद' म्हणे आणि दिवाळीला छापील अहवाल पाठवी. त्या सभासदांना तिकडे ठेच लागली तर काय करायचं, हा विचार कुणाच्या डोक्यातही आला नव्हता.

निरोप गेले. मंडळी दुपारच्या चहाला जमायची होती. तेवढ्यात मासूमा नवऱ्याला शोधत मागच्या विहिरीवर गेली.

तो कठड्याला पाठ लावून बसला होता. ती समोर उभी राहिली आणि तिनं सरळ विचारलं, "तुम्ही तिथं होता ना?"

शफीनं तिच्याकडे पाहिलं, आणि जणू कुणी विचारण्याचीच वाट पाहत असल्यासारखा बोलू लागला. कमान बांधली की चुना घट्ट होईपर्यंत तिच्याखाली लाकडी सेंट्रिंगचा आधार ठेवतात, हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पुलाच्या दोन कमानी झाल्या होत्या. निसार तापानं फणफणून तंबूत पडला होता आणि काम शफीकडे होतं. कंपनीच्या साहेबाला ऊस निघायच्या आत पुलावरून गाड्या न्यायच्या होत्या. लाकूड कमी पडत होतं, तेव्हा पहिल्या कमानीखालचं काढून तिसरीखाली लावा, असा त्याचा तगादा. मिस्त्री नको म्हणत होते. शफीनं काढा म्हटलं. साहेबानं पाठ थोपटली, त्या थोपटण्याला आपण भुललो, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी कमान खाली आली, आणि खाली माणसं होती.

ती विहिरीच्या दगडावर बसली. "आणि निसार?"

"निसार घोंगडी पांघरून बाहेर आला. साहेब मिस्त्रींना चाबकानं झोडत होता. आपलीच माणसं होती, सिन्नरकडची. निसार मधे गेला आणि म्हणाला, काम माझं होतं."

यापुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती. या घराची ती रीत होती, आजोबांपासूनची. धरणाच्या कामावर काही कोसळलं की साहेब हाती लागेल त्याला झोडायचा. तेव्हा आजोबा पुढे होऊन म्हणत, काम माझं होतं. त्यानं मार थांबे. मग संध्याकाळी आजोबा आपल्या झोपडीत चहा ठेवून बसत, आणि ज्याची चूक असे तो आपल्या पायांनी येई. आला की दोघं मिळून पुढचं ठरवत, साहेबाला काय सांगायचं, कुणी सांगायचं, मेलेल्याच्या घरी कुणी जायचं. न बोलावता येण्यातच त्या माणसाची इज्जत होती, म्हणून त्याला कुणी शोधायला जात नसे. अब्बांनी हीच रीत चालवली आणि निसारला शिकवली. शफी कमावता झाला तेव्हा त्यालाही त्यांनीच शिकवली होती, कारण शफी आणि त्याची बहीण हुस्नबानो मानमोडीच्या साथीत पोरके झालेले, मालेगावच्या विणकराची मुलं, याच घरात वाढली होती. पुढे साटंलोटं झालं. मासूमा शफीला दिली आणि हुस्नबानो निसारला केली. दोघी नणंदाही होत्या आणि भावजयाही, म्हणून दोघी एकमेकींना भाभीच म्हणत.

"तुम्ही संध्याकाळी गेलात का त्याच्याकडे?" मासूमानं विचारलं.

"त्याच्या तंबूत दिवा होता. पडदा वर बांधलेला. त्यानं चहाचे दोन पेले मांडले होते, मला दिसत होते. अंगात ताप, तरी बसून होता. माझ्यानं उठून जाववलंच नाही, मासूमा. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर त्याला विचारलं तेव्हा तो एकदा माझ्याकडे वळून बघेल असं वाटलं होतं. बघितलं नाही त्यानं. तेच पुन्हा सांगितलं. मग माझी रजा मंजूर झाली आणि मी बोट धरली."

म्हणजे लवंगा, सिंह आणि रानडुक्कर या सगळ्या गोष्टी हा माणूस नऊ मढी आणि एक तुरुंग पोटात ठेवून सांगत होता, आणि आपण हसत होतो. गेले तीन आठवडे तिनं जे जे म्हणून सुख घेतलं होतं, ते सगळं भावाच्या अंगावरून ओढून घेतलेलं होतं.

शफी हात जोडून बोलत होता. हे बाहेर पडलं तर मी तुरुंगात जाईन, आणि मी गेलो तर हुस्नबानो तुमच्या घरात कोणत्या तोंडानं राहील, साट्याची लग्नं आहेत, एक मोडलं की दुसरं मोडतं, चार माणसांची माती होईल. निसार हुशार आहे, मंडळ वकील देईल, तो सुटेल. त्याचं बोलणं अगदी हिशेबी होतं. त्यातला एक शब्दही खोटा नाही हे मासूमाला समजत होतं, आणि म्हणूनच तिला त्याची जास्त भीती वाटली.

ती घरात आली तर स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीशी अम्मा उभी होती. खिडकी विहिरीवरच उघडत होती. अम्मानं सगळं ऐकलं होतं.

मासूमाला वाटलं, आता अम्मा बाहेर जाऊन शफीच्या झिंज्या उपटेल. जैतुनबी तशी बाई होती. पण अम्मानं आधी दार लावलं आणि मग लेकीचं मनगट धरलं.

"कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली.

"अम्मा, निसार..."

"निसारला मी नऊ महिने वागवलंय. मला सांगतेस? तो पुरुष आहे. आज ना उद्या सुटेल, घरी येईल, त्याची बायको त्याची वाट बघेल. तुझं काय? खुन्याची बायको म्हणतील. पोटी पोर नाही, हातात काही नाही. मी आणि अब्बा किती दिवसांचे? पोरी, मला दोन्ही डोळे सारखे आहेत, पण फुटका डोळा आधी झाकावा लागतो."

मासूमाला हा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा जड गेला. अब्बांच्या पंक्तीत निसारच्या ताटात तुपाची धार जास्त धरणारी ही बाई आज त्याला लेकीसाठी तुरुंगात ठेवायला निघाली होती. आईच्या मायेचा तिला कधी नव्हे तो संताप आला, आणि त्याच वेळी त्या मनगटावरच्या हातात डोकं खुपसून रडावंसंही वाटलं. तेवढ्यात बाहेर मंडळी आली, आणि अम्मानं चहाचं आधण ठेवलं.

व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. दहा-बारा जण आले होते, पण बोलणारे नेहमीचेच दोघं. एक रंगनाथराव, मंडळाचे चिटणीस, अब्बांबरोबर एका तंबूत राहिलेले, हळू आवाजात बोलणारे आणि त्यामुळे सगळ्यांना कान द्यायला लावणारे. दुसरे रावजी, निफाडकडचे शेतकरी घरातले ओव्हरसियर, उंचपुरे, सरळ तोंडावर बोलणारे. शफी कोपऱ्यात बसला होता. दाराच्या पडद्याआड मासूमा होती आणि तिच्यामागे हुस्नबानो, जिला काहीच ठाऊक नव्हतं. तिचा श्वास मासूमाच्या मानेला लागत होता.

अब्बांनी रीत समजावून सांगितली. निसारचं म्हणणं कबुली नव्हे, आमच्या घरात ते असं बोलतात, हे मंडळानं तिकडच्या कोर्टाला पटवून द्यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. सगळे माना खाली घालून ऐकत होते.

रावजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "बडेमियाँ, तुमच्या दुःखापुढं माझं काय चालायचं नाय. पण इचारतो. तुमच्या रीतीत संध्याकाळी खरा माणूस येतो ना? मग त्यो आला का?"

"तार आली, रावजी. तारेत तेवढं नसतं."

"आला असता तर निसार आत नसता. म्हंजी येक तर माणूस भेकड हाय, नाय तर निसारचीच चूक हाय. मंडळ कशाच्या जोरावर बोलणार? पोरानं आपल्या तोंडानं सांगितलंय. नऊ माणसं गेलीत, त्यातली आपलीबी असतील. उद्या आपल्या छत्तीस पोरांना तिकडं कोण काम दिल? नाशिकचं मंडळ पूल पाडणाऱ्याला पाठीशी घालतं म्हनतील."

दोघातिघांनी माना डोलावल्या. मग रंगनाथराव बोलले. ते बराच वेळ बोलले आणि त्यात मंडळालाच बोल लावला. आपण या पोरांकडून वर्गणी घेतो आणि त्यांना अहवाल पाठवतो, म्हणाले, यापलीकडे आपण त्यांचे कोण? इथं नाशकात कुणाला अटक झाली तर आपण तासाभरात ठाण्यावर उभे राहतो. तिकडे निसार तापात एकटा पकडला गेला आणि त्याच्या बाजूनं बोलायला एक कच्छी दुकानदार निघाला. खरं म्हणजे प्रत्येक बंदरात आपला एक भरवशाचा माणूस हवा, ज्याच्याकडे पोरगं पहिल्या दिवशी जाऊन नाव सांगेल. तिथला वकील आधीपासून बोलून ठेवलेला हवा. अपघात झाला तर आपल्यातल्या एकानं बोट धरून जायला हवं, कारण पडलेल्या पुलाचे दगड वाचता येणारा माणूस कोर्टात हवा, नुसता बोलणारा नव्हे. यातलं काही आपण केलं नाही. आता तरी करू.

"चूक त्याची असली तरी?" रावजींनी विचारलं.

"असली तरी," रंगनाथराव म्हणाले. "निर्दोष कोण हे ठरवायला कोर्ट आहे. परक्या देशात आपला माणूस एकटा पडू नये, एवढ्यासाठी मंडळ. एकटा माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस खरं बोलत नाही."

मासूमा पडद्याआडून नवऱ्याकडे पाहत होती. हे वाक्य ऐकताना शफीनं मान वर केली होती. त्याचे ओठ हलले. बोल, ती मनात म्हणाली, आता बोल, यापेक्षा सोपी वेळ तुला मिळायची नाही.

रावजीही त्याच्याकडेच वळले होते. "शफीभाई, तू तर तितला. तू सांग की. पूल कसा व्हता? निसारचं काम कसं व्हतं?"

शफीनं घसा साफ केला. "निसारचं काम चांगलं," तो म्हणाला. "पण तो तापात होता. तापात माणसाकडून एखादी चूक होते. मी तेव्हा बोटीवर होतो, मला नक्की सांगता यायचं नाही."

गप्प राहिला असता तर कदाचित मासूमाही गप्प राहिली असती. ते तिनं पुढे आयुष्यभर स्वतःशी कबूल केलं. पण त्यानं गप्प न राहता तिच्या भावाच्या तापावर बोट ठेवलं, आणि ते अब्बांच्या समोर, अब्बांच्या सतरंजीवर बसून. तिनं पडदा बाजूला केला. मागून अम्मानं तिचा पदर पकडला होता, तो फाटेल इतक्या जोरानं तिनं ओढून घेतला. मंडळाच्या सभेत त्या घरातली बाई कधी आली नव्हती. सगळे दचकून तिच्याकडे बघायला लागले.

ती अब्बांजवळ खाली बसली. "हे बोटीवर नव्हते," ती म्हणाली. "सेंट्रिंग यांनी काढायला लावलं. निसार तंबूत आजारी होता. त्यानं यांच्यासाठी दोन पेले मांडले होते आणि हे गेले नाहीत. आज मला यांनी स्वतः सांगितलं."

रावजींच्या हातातला चहा बशीत सांडला आणि ते तसेच बघत राहिले. शफी नाही म्हणेल, ती वेडी झाली म्हणेल, अशी भीती मासूमाला वाटत होती. शफीनं तोंड ओंजळीत घेतलं आणि मान हलवली. होकाराचीच होती.

बद्रुद्दीन त्याच्याकडे पाहत होते. या पोराला त्यांनी फूटपट्टी धरायला शिकवलं होतं. ते ओरडले असते, मारायला धावले असते, तर मासूमाला बरं वाटलं असतं. त्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं, "तो मॅजिस्ट्रेटपुढे बोलला तेव्हा तू तिथं उभा होतास?"

"होतो, अब्बा."

"किती लांब?"

शफीनं समोरच्या खांबाकडे बोट केलं. अब्बांनी त्या खांबाकडे पाहिलं आणि मग त्यांना काही बघवेना. त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि ते सगळ्यांदेखत रडायला लागले. मासूमानं बापाला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हे आपण केलं, असं तिला वाटलं, आणि आपण केलं नसतं तर तेही तिला सहन झालं नसतं.

थोड्या वेळानं रावजी उठून उभे राहिले. आता मंडळानं हात झटकावेत, म्हणाले. दोन सभासद एकमेकांसमोर आले की मंडळ कुणाचीच बाजू घेत नाही, हा आपलाच नियम. रंगनाथरावांनी त्यांना खाली बसवलं. तो नियम बढतीच्या भांडणांसाठी केलेला आहे, ते म्हणाले, फाशी-तुरुंगासाठी नाही. वकील दोघांना द्यायचा. निसारला वेगळा आणि शफीला वेगळा.

"याला बी?" रावजींचा आवाज चढला. "नऊ माणसं मारून पळालेल्याला?"

"याला आधी. हा तिथं जाऊन बोलला तरच निसार सुटतो. याला एकटा पाठवला तर हा पुन्हा घाबरेल. साहेब दम देईल, कंपनी आमिष दाखवील, आणि हा पुन्हा म्हणेल मी बोटीवर होतो. मी स्वतः रजा टाकतो. दगड मी बघेन."

रावजींनी शफीकडे नखशिखांत पाहिलं. त्यांच्या मनात जे होतं तेच सगळ्यांच्या मनात होतं, पण बोलले तेच. "बोट पोरबंदरला थांबती. तितं ह्यो उतरला तर? तुमी काय त्याला दोरीनं बांधनार?"

शफी म्हणाला, मी जाईन, अल्लाची शपथ जाईन. पण त्या व्हरांड्यात त्याच्या शपथेला आता कुणी विचारत नव्हतं.

"मी जाते सोबत."

हुस्नबानो दारात उभी होती. सकाळपासून तिनं काढलेला हा पहिला शब्द. तिचा चेहरा इतका कोरा होता, की मासूमाला ती अनोळखी वाटली. तिनं अब्बांकडे, रंगनाथरावांकडे, कुणाकडेच पाहिलं नाही. ती सरळ शफीकडे बघत होती, आणि शफीला ते झेपत नव्हतं. त्यानं बहिणीकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

रावजी चाचरत म्हणाले, की बाईमाणसानं येवढ्या लांब, परक्या मुलखात, आणि मंडळात असली प्रथा नाही. रंगनाथराव काही बोलणार होते. अब्बांनी हात वर करून दोघांना थांबवलं. तिला जाऊ द्या, म्हणाले. आणि मंडळानं, जे छत्तीस पोरं परदेशी पाठवून त्यांच्यामागे एक माणूस पाठवू शकलं नव्हतं, त्या संध्याकाळी दोन माणसं पाठवायचं ठरवलं. एक रंगनाथराव, आणि दुसरी मुन्नीची आई.

मंडळी गेल्यावर घरात कुणी दिवा लावायचं नाव काढीना. अम्मा चुलीपुढे पाठ करून बसली होती आणि मासूमाशी बोलत नव्हती. आतल्या खोलीत हुस्नबानो ट्रंक भरत होती. मासूमा दाराशी जाऊन उभी राहिली. तिला म्हणायचं होतं, की भाभी, मला माफ कर, तुझ्या भावाला मी चारचौघांत उघडं पाडलं. म्हणायचं होतं, की तो गेला तर मलाही काही उरत नाही. आणि एक म्हणायचं होतं ते जिभेवर येत नव्हतं, की शक्य झालं तर त्यालाही परत आण.

हुस्नबानोनं ट्रंकेचं झाकण लावलं. मुन्नी चटईवर झोपून गेली होती. तिनं पोरीला उचललं, एकदा छातीशी धरलं, आणि मासूमाच्या हातात दिलं.

"हिचा बाप मी आणीन," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याचं मला सांगता यायचं नाही."

मासूमा पोरीला घेऊन तशीच उभी राहिली. सकाळपर्यंत हुस्नबानो त्याला भाईजान म्हणत होती.